भिगवणची होडी आणि चारशे मिलिमीटरची लेन्स

पुण्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद लागलेला माणूस पहिली एक-दोन वर्षे पाषाण तलाव, सिंहगडाची दरी आणि कवडीपाट येथे घालवतो आणि मग एखाद्या हिवाळ्यात, दुसऱ्या कुणी टिपलेले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहून, भल्या पहाटे भिगवणच्या वाटेला लागतो. माझेही तसेच झाले. गेल्या चार हिवाळ्यांत मी भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून सात वेळा होडीत बसले, दोनदा जवळजवळ रिकाम्या हाताने परतले आणि एकदा भांडूनही आले. हे परीक्षण त्या होडीच्या फेरीचे असून ते मुख्यतः कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहिले आहे. ज्यांना केवळ दुर्बिणीतून पक्षी पाहायचे आहेत, त्यांना ही फेरी बहुधा आवडेलच.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या भिगवणच्या परिसरात उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पावसाळ्याअखेरीस जलाशय तुडुंब भरतो, पुढे सिंचनासाठी पाणी सुटत राहते, पातळी उतरते आणि काठाकाठाने गुडघाभर पाण्याचे गाळाचे पट्टे उघडे पडतात. रोहित या उथळ पट्ट्यांसाठीच येतात. चोच पाण्यात उलटी बुडवून गाळातले बारीक जीव आणि शेवाळ गाळून खाण्याची त्यांची रीत खोल पाण्यात फारशी चालत नाही. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी नोव्हेंबरात धावत जाऊ नये. मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा चहूकडे पाणीच पाणी होते आणि रोहित एकही नव्हता. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ मला अधिक भरवशाचा वाटतो.

या फेरीचे खरे मोल तिच्या उंचीत आहे. काठावर उभे राहून काढलेल्या छायाचित्रात पक्षी खाली दिसतो आणि त्याच्यामागे चिखलाचा सपाट पट्टा येतो. होडीच्या तळाशी मांडी घालून बसले की लेन्स पक्ष्याच्या नजरेच्या पातळीच्या जवळ येते, मागचे पाणी धूसर होऊन विरते आणि साधा शेकाट्याही चित्रातल्यासारखा दिसू लागतो. माझ्याकडे १००-४०० मिमीची झूम लेन्स आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दीडपटीचा असल्यामुळे ती शेवटच्या टोकाला ६०० मिमीइतका आवाका देते, आणि या होडीसाठी तो पुरतो. त्याहून लांब आणि जड लेन्स घेऊन आलेले लोक मी हलत्या होडीत दमून ती मांडीवर ठेवताना पाहिले आहेत.

होडीत तिपाई उभी करण्याचा विचार सोडून द्यावा, कारण इंजिनची थरथर तिच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. मी जुन्या जीनचा एक पाय कापून पिशवी शिवली आहे आणि ती होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवते. पहिल्या वर्षी तिच्यात तांदूळ भरले होते. तळाशी साचलेल्या पाण्यात पिशवी भिजली आणि हडपसरला पोहोचेपर्यंत तांदूळ टम्म फुगले. आता आत प्लॅस्टिकची पिशवी घालून दोन किलो मटकी भरते. लेन्समधील स्थिरीकरणाने हाताचा कंप सावरतो, पण होडीचे वाहणे आणि पक्ष्याची हालचाल थांबत नाही. त्यामुळे चरणाऱ्या पक्ष्यासाठी १/१०००, तर उडणाऱ्यासाठी १/२००० सेकंद शटर ठेवते आणि त्यापायी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, वाढला तर वाढू देते.

नवख्याला सर्वांत जास्त छळतो तो पांढरा रंग. चित्रबलाक किंवा मोठा बगळा काळपट पाण्यापुढे उभा असला की कॅमेरा चौकटभर अंधार मोजतो, प्रकाश वाढवतो, आणि पक्ष्याच्या अंगावरचे पीस न् पीस जळून पांढरा ठिपका उरतो. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तीन तृतीयांश थांब्यांनी (एक थांबा, म्हणजे स्टॉप, कमी केला की प्रकाश निम्मा होतो) कमी करावे लागते. उलट धुक्यात, मागे सगळे दुधाळ असताना, तेच वाढवावे लागते. माझी दोन वर्षांची छायाचित्रे या एका गोष्टीपायी वाया गेली. शाळेत हे कुणी शिकवत नाही, होडीवालाही सांगत नाही.

होडीवाला दुसरेच काही सांगतो, आणि त्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाते. तिसऱ्या फेरीला मला जे दादा मिळाले त्यांनी थवा दिसताच बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केले आणि लांब बांबू गाळात रोवत, जवळजवळ आवाज न करता, होडी तिरकी पुढे नेली. सरळ पक्ष्यांवर नाही. मी उत्साहाने उभी राहू लागले तेव्हा ते हळूच म्हणाले, “ताई, उठू नका. माणूस उभं दिसलं की पाखरं जातात.” आणखी थोडे पुढे गेल्यावर चरणाऱ्या रोहितांपैकी चार-पाचांनी माना सरळ वर केल्या आणि ते आमच्यापासून दूर चालू लागले. दादांनी बांबू रोवून होडी थोपवली. “माना वर झाल्या. आता पुढं नाही.” आम्ही तिथेच पंधरा-वीस मिनिटे बसलो. माना एकेक करून खाली गेल्या, चरणे सुरू झाले आणि थवाच चरत चरत आमच्याकडे सरकला. त्या सकाळचे माझे सर्वांत चांगले छायाचित्र ३०० मिमीवर काढलेले आहे, कारण ४०० वर पक्षी चौकटीत मावत नव्हता.

भांडण झाले ते दुसऱ्याच होडीत. तो तरुण चालक ‘उडतानाचा फोटो’ मिळवून देण्याच्या हौसेने इंजिन चालू ठेवून थव्यात शिरला. रोहिताला हवेत उठण्यासाठी पाण्यावर बरीच पावले धावावे लागते. ते दृश्य देखणे असते हे मी नाकारत नाही, पण त्या पक्ष्यांचे चरणे मोडले आणि पुढच्या दोन तासांत कुणालाच ते जवळ दिसले नाहीत. छायाचित्रेही कामाची निघाली नाहीत, सगळी पाठमोरी. शिवाय जीवरक्षक जॅकेट मागितल्याखेरीज मिळाले नाही. शेजारच्या होडीतून कुरव पक्ष्यांना फरसाण उधळले जात होते आणि अर्ध्या पर्यटकांना फेरीचा तोच कळस वाटत होता, ही गोष्टही नोंदवून ठेवते. बसण्याआधीच “इंजिन लांबूनच बंद कराल ना?” असे विचारावे, उत्तरावरून माणूस कळतो. भाडे माणशी आहे की होडीला आणि वेळ किती, हेही तेव्हाच ठरवावे.

रोहितांपलीकडेही इथे पुष्कळ आहे, आणि खरे सांगायचे तर माझा जीव आता त्यातच जास्त रमतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून लगेच ओळखू येतात. चक्रवाकांच्या जोड्या, थापट्यांचे थवे आणि हळदी-कुंकू बदके असतात. नदी सुरय पाण्यावर सूर मारतो तो क्षण टिपण्यासाठी मी एकाच सकाळी चारशेहून अधिक फ्रेम खर्ची घातल्या आहेत, आणि त्यांपैकी दोनांत चोच, डोळा आणि मासा तिन्ही स्पष्ट आहेत.

वेळेबद्दल एक सूचना. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पुण्याहून चारला निघावे आणि उजेड फुटण्याआधी होडीत असावे. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्याच्या कडा मऊ होतात. त्याचा दोष लोक उगीच लेन्सला देतात. त्यापेक्षा होडी काठाला लावून जेवायला बसावे. मी ज्या घरी जेवते तिथे चिलापीचा झणझणीत रस्सा आणि भाकरी मिळते आणि स्वच्छतागृह नीटनेटके आहे, जी सोय आम्हा बायकांना पहाटे निघताना आधी आठवते.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण जॅकेटचा आणि फरसाणाचा कापला आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याची होडी मी त्याच दादांकडे ठरवली आहे. पाणी किती उतरले ते आदल्या दिवशी फोनवर सांगतो, असे ते म्हणाले आहेत.