ईव्ह ऑनलाइन: तीन-चार अकाउंट एकदम चालवायची असतील तर
एकाच पीसीवर तीन-चार अकाउंट उघडून खेळायची हौस असेल तर ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला ऑनलाइन गेम बघाच, लाँचरमध्ये सगळी अकाउंट ॲड करायची न एकेक क्लायंट (म्हणजे गेमची विंडो) सुरू करायचा, लपवाछपवी नाही, कंपनीचीच परवानगी आहे. मेख अशी की फुकटातलं अल्फा अकाउंट दुसऱ्यासोबत चालतच नाही, प्रत्येकाला ओमेगा, म्हणजे पेड अकाउंट लागतं, म्हणजे खिशाला चाट. खरी मजा मायनिंगला, म्हणजे खनिज काढायला, एक ओर्का नावाचं जहाज बूस्ट देत (बाकीच्यांचं खोदकाम वाढवत) बसतं, बाकीची जहाजं अंतराळातले दगड फोडतात, आपण आपलं ऑल्ट टॅब करत चहा ढोसायचा. आणि हो, एक बटण दाबून सगळ्या विंडोत कमांड पाठवणारं सॉफ्टवेअर चुकूनही वापरू नका, २०१५ पासून बंदी आहे, डायरेक्ट बॅन. ग्राफिक्स लो वर ठेवा, नाहीतर पंखा बोंबलतो नुसता.