पिवळं कार्ड खोटं होतं, हे मुंबईत उतरल्यावर कळलं

"ही लस तुम्ही कुठे घेतलीत?" मुंबई विमानतळावर आरोग्य तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं. माझं पिवळं कार्ड, म्हणजे यलो फीव्हर ह्या डासांमुळे पसरणाऱ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र, त्यांच्या हातात होतं आणि त्यावर मुंबईतल्या एका सरकारी केंद्राचा शिक्का होता. लस मात्र मी सांगलीत, माझ्या घरी, सोफ्यावर बसून घेतली होती. मला उत्तर देता येईना.

आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, माझी ताई आणि भाऊजी. केनियातलं मसाई मारा अभयारण्य बघायचं ठरवून दोन वर्षं पैसे साठवले होते. सहल ऑगस्टमधली, कारण तेव्हा हरणांचे आणि गव्यांसारख्या विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात. ज्या एजंटाकडून तिकिटं काढली तो ओळखीतला होता, काकू-काकू म्हणून बोलणारा. निघायला आठवडा उरला असताना त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रक पाठवलं. केनियाने नियम बदलला आहे, यलो फीव्हरचं कार्ड नसेल तर नैरोबीतूनच परत पाठवतात, असं त्यात होतं. पाठोपाठ फोन आला. "मुंबईच्या केंद्रात महिनाभर अपॉइंटमेंट नाही. माझा माणूस घरी येऊन देईल. माणशी साडेचार हजार."

आम्ही लगेच विश्वास ठेवला, आणि का ठेवला ते सांगायला हवं. करोनाच्या काळात आमच्या मुलाला इंग्लंडला जायचं होतं. २०२१च्या त्या सप्टेंबरात तिथलं सरकार कोविशील्ड मान्य करत होतं, पण आपलं प्रमाणपत्र नाही. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नोव्हेंबरात मिळाली. मग भारतात परत येताना भरायचा एअर सुविधाचा फॉर्म, तोही २०२२च्या नोव्हेंबरात बंद झाला. आज एक नियम, उद्या दुसरा. ती सवय आमच्या अंगात इतकी मुरली होती की कुणी "नियम बदलला" म्हटलं की आम्ही आधी पाकीट काढायचो. ह्या एजंटाला ते नेमकं ठाऊक होतं.

खरं काय ते मला नंतर त्या डॉक्टरबाईंकडून समजलं. भारतातून थेट केनियात जाणाऱ्याला केनिया हे कार्ड मागत नाही, कारण भारतात यलो फीव्हर नाही. कार्ड मागतो तो आपला देश, परत येताना. हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, तोच डेंग्यूचा. आजार तेवढा अजून इथे आलेला नाही. तो बाहेरून येऊ नये म्हणून केनिया, युगांडा, नायजेरिया, इथिओपिया अशा देशांतून येणाऱ्यांचं कार्ड बघतात. नसेल किंवा ग्राह्य नसेल तर तिथून निघाल्यापासून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. म्हणजे नैरोबीतून हाकलतील ही भीतीच खोटी होती, आणि जिथे खरी तपासणी होती त्याबद्दल एजंट एक अक्षर बोलला नव्हता.

लस द्यायला एक पोरगा आला. हातात बर्फाचा डबा, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. सिरिंजा त्याने आधीच भरून आणल्या होत्या. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. यलो फीव्हरची लस पावडरच्या रूपात असते आणि देण्याआधी तिथल्या तिथे द्रावणात कालवतात. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कालवल्यावर सहा तासांत ती संपवावी लागते. म्हणूनच केंद्रं ठरावीक वारी लोकांना एकत्र बोलावतात. ती घरपोच मिळत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि त्यांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. ती यादी मी उघडली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

त्या पोराने आम्हाला काहीही विचारलं नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीपुढच्या माणसाला ती विचार करून देतात, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर देत नाहीत. आमच्या ह्यांना चौसष्ट पूर्ण. ताई संधिवातासाठी स्टेरॉइड घेते. खरी लस असती तर तिच्या जिवावर बेतू शकलं असतं. खोटी होती, तर मग आमच्या दंडात गेलं काय?

कार्डं दुसऱ्या दिवशी आली. तारीख बारा दिवस आधीची. मी विचारलं तर एजंट म्हणाला, "काकू, दहा दिवसांचा नियम असतो, म्हणून मागची घातली." हे मला खटकलं होतं. मुंबईचा शिक्काही खटकला होता. तरी मी गप्प बसले, कारण पैसे भरून झाले होते आणि बॅगा भरायच्या होत्या. ही माझी चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. लसीचं प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य होतं, हे खरं. पण आम्ही निघण्याआधी पाच दिवस खऱ्या केंद्रात गेलो असतो, तरी परतेपर्यंत दहा दिवस उलटून गेले असते आणि मुंबईत कुणी अडवलं नसतं. तापापासून संरक्षण हवं असेल तर अर्थातच निघण्याच्या दहा दिवस आधी घ्यायला हवी.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते भाऊजींच्या कार्डाचं. २०१२मध्ये ते कंपनीच्या कामाने नायजेरियाला गेले होते, तेव्हा त्यांनी रीतसर लस घेतली होती. ते कार्ड त्यांनी एजंटाला दाखवलं. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली. "हे संपलं, नवीन काढावं लागेल," असं सांगून त्याने त्यांच्याकडूनही साडेचार हजार घेतले. वास्तविक ११ जुलै २०१६पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे, त्याआधी दिलेलीही. कार्डावर काहीही छापलेलं असो. खरं कार्ड सांगलीच्या कपाटात ठेवून भाऊजी खोटं घेऊन फिरले.

विमानतळावर डॉक्टरबाईंनी चारही कार्डांवरचा बॅच क्रमांक वहीत उतरवला, फोन केला आणि थोड्या वेळाने सांगितलं की ह्या क्रमांकाची लस त्या केंद्रात कधी आलेलीच नाही. त्या रागावल्या नाहीत. खोटं कार्ड बाळगणाराही अडचणीत येतो, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग आम्हाला विलगीकरणात नेलं. भाचा रात्रभर गाडी चालवून भाऊजींचं जुनं कार्ड घेऊन आला, ते तपासून त्यांना सोडलं. आम्ही तिघं पाच रात्री तिथे होतो. रोज ताप बघायचे. वागणूक चांगली होती, जेवण वेळेवर मिळायचं. पण घरी माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांच्यासाठी ठेवलेली बाई आम्ही येणार त्या दिवशीच कामावरून मोकळी होणार होती. ते पाच दिवस शेजारच्या वहिनींनी निभावले.

२०२१मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीत जवळपास चारशे लोकांना करोनाची बनावट लस दिली होती. ती बातमी आम्ही चहा पिता पिता मोठ्याने वाचली होती. शिकलेली माणसं अशी कशी फसतात, असं मीच म्हटल्याचं मला आठवतं.

एजंटाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे यूपीआयने एका तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेले होते, ती नोंद, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आणि कार्डांच्या प्रती दिल्या. दुकान त्याने बंद केलं आहे. तुमच्यापैकी कुणाला असा "घरी येऊन देतो" म्हणणारा भेटला असेल तर पत्रक, पावती, फोन क्रमांक पुसू नका, तपासात त्याचाच उपयोग होतो.

सप्टेंबरात मी ताईला घेऊन मान्यताप्राप्त केंद्रात गेले. पासपोर्ट बघितला, आजार विचारले, औषधं विचारली, समोर कुपी फोडून कालवली. तीनशे रुपये घेतले. ताईला तिथल्या डॉक्टरांनी लस द्यायला नकार दिला.

त्या सिरिंजा कुठून आल्या आणि कुणासाठी वापरल्या होत्या, ते अजून कळलेलं नाही. आमच्या डॉक्टरांनी चौघांच्याही एचआयव्ही आणि कावीळ ब, क च्या तपासण्या करायला लावल्या. पहिल्या स्वच्छ आल्या. पुन्हा सहा महिन्यांनी करायच्या आहेत, फेब्रुवारीत.