बोटीच्या ट्रान्सममध्ये मरीन प्लाय सांगून साधा प्लाय घातला, ४२,७०० ला गंडवलं

डोकं अजून तापलेलंच आहे, तरी लिहितोय. घरात निम्म्यांना आकडा माहीत नाही, सांगायची लाज वाटते, पण कृष्णाकाठी ज्यांच्याकडं जुनी अॅल्युमिनियमची बोट आहे त्यांना हे कळलं पाहिजे.

माझी बोट १४ फुटी, जुनी, गोव्याकडनं ८५,००० ला घेतलेली. मासेमारीला तर लागतेच, पण आमचं गाव पुराच्या पट्ट्यात. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माडीवर बसून कुणाची बोट येते का बघत होतो, त्यामुळं दारात बोट ही हौस नाही, गरज आहे. तर ट्रान्सम, म्हणजे मागची उभी भिंत जिथं इंजिन लटकतं, तिच्या आतली लाकडी फळी कुजली होती. इंजिनाचा पाय धरून हलवला की सगळी मागची बाजू हलायची.

सांगलीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं ३८,५०० सांगितले. आयएस ७१० चा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, १८ मिमीचे दोन थर, मध्ये इपॉक्सी (पाण्यात न सुटणारा गोंद), कडा आणि बोल्टची भोकं सील, बोल्ट ३१६ स्टेनलेस, सहसा न गंजणारे. २०,००० फोनपेवर अॅडव्हान्स, १२,५०० माल आणायला, ६,००० रोख बोट उचलताना, आणि वर बोल्ट महागले म्हणून ४,२०० परत. एकूण ४२,७०० आणि बिल कच्चं.

आता ती वेळ, जी आठवली की रात्री झोप लागत नाही. काम बघायला गेलो तर पत्रा बंद करून वर प्रायमर पण मारलेला. खाली प्लायचा तुकडा पडलेला, उचलला तर छापा आयएस ३०३, एमआर, म्हणजे घरातल्या फर्निचरचा साधा प्लाय. म्हटलं हे काय? तर म्हणतो, "अण्णा, ते सोफ्याच्या कामाचं हाय, तुमचं आत बसलं की कवाच." आणि पोराला चहा सांगितला. त्या तुकड्याला एका बाजूनं गोल काप होता, माझ्या ट्रान्समच्या कोपऱ्याला असतो तस्साच. सोफ्याला असला कोपरा कशाला लागतो? तुकडा हातात होता माझ्या!! पण मी विचारलं होतं, कामाचे फोटो पण मागितले होते, तर म्हणे मोबाइल बिघडलाय. बंद पत्र्याच्या आतलं कुणाला दिसतं, आणि आपण काय सुतार नाही.

पावसाळा संपल्यावर नदीत फुल थ्रॉटल दिला आणि इंजिन मागं कललं, कोपऱ्यात पत्र्याला चीर. मेव्हणा सोबत होता, कसंबसं काठाला आलो. दुसऱ्या वेल्डरकडं उघडलं, त्याचे ११,३०० वेगळे. आतला प्लाय खारीसारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटत होता, इपॉक्सीचा पत्ता नाही, नुसता पांढरा फर्निचरचा गोंद. बोल्टला चुंबक लावला तर खटकन चिकटला (चांगल्या स्टेनलेसला फार तर किंचित ओढ असते), आणि बोल्ट जिथं अॅल्युमिनियमला टेकत होते तिथं पत्रा पांढरी भुकटी होऊन खाल्लेला.

पोलीस ठाण्यात गेलो तर "पाव्हणं, ही दिवाणी बाब, आपसात मिटवा." अहो, कबूल एक माल करायचा, पैसे त्याचे घ्यायचे आणि घालायचा दुसराच, ही फसवणूक नाही तर काय, न्याय संहितेचं ३१८ कलम, जुनं ४२०, मग ते कशासाठी आहे? अर्ज घेतला पण पोच दिली नाही. दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात गेलो तर तिथला साहेब विचारतो बोटीची नोंदणी कुठाय, म्हणजे चोर तो आणि कागद माझे तपासणार. एक जण तर हसला, म्हणे पाण्यात जायची हौस कशाला. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ती हौसेनं गेली होती का? ह्याच जिल्ह्यात बसून असं बोलवतं कसं यांना? पुरात ह्याच बोटीत बायकापोरं बसवली असती आणि इंजिन मागं निखळलं असतं तर मग पंचनामा करायला सगळे आले असते.

पत्रा बंद करायच्या आधी स्वतः उभं राहा, प्लायवरचा छापा आणि खालचा सीएम/एल नंबर (कंपनीच्या आयएसआय परवान्याचा) यांचा फोटो घ्या, तो नंबर बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. आयएस ७१० च्या प्लायला ७२ तास उकळून तपासतात, त्यामुळं तुकडा मागा आणि घरी पातेल्यात उकळा, राग आला तरी येऊ दे त्याला. तांब्याचं औषध मारलेलं हिरवट लाकूड देत असेल तर अजिबात घेऊ नका, अॅल्युमिनियम खातं ते. पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घ्या, रोख देऊ नका, माझे ६,००० कुठंच दिसत नाहीत. पोलिसांनी घेतलं नाही तर एसपींना पोस्टानं लेखी पाठवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. काढलेला प्लाय, बोल्ट फेकू नका, मी पोत्यात भरून ठेवलाय, आयोगात तोच दाखवणार आहे.

नाव केस टाकेपर्यंत लिहीत नाही. पण सांगली-मिरज पट्ट्यात गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी ट्रान्सम करून घेतलं असेल तर येत्या पावसाच्या आधी इंजिन उतरवा, एक बोल्ट काढून चुंबक लावा, भोकातनं आतलं लाकूड स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. मऊ लागलं तर मला सांगा, तक्रार एकत्र देऊ.