झाकण साठचं, इंजिन चाळीसचं: 4,53,000 रुपयांना फसलो

तापोळ्याला पर्यटक फिरवायला जुनी स्पीडबोट हवी होती. दलालानं कोकणातल्या एका खाडीत दोन दाखवल्या. एक सोळा फुटी, चाळीस हॉर्सपॉवर, 3,10,000. दुसरी एकवीस फुटी, साठ हॉर्सपॉवर, 4,25,000. मी सोळा फुटीच घ्यायला गेलो होतो. तो म्हणाला, "दादा, लाखभराकडं बघू नका. दहा माणसं बसतील, एका सीझनला फरक वसूल." हिशेब मलाही पटला, कारण वासोटा किल्ल्याला जाणारे ट्रेकर गटानंच येतात.

25,000 इसार, 3,00,000 आरटीजीएस, 1,00,000 रोख, ट्रकभाडं 28,000. त्यातले दोन लाख बायकोचं सोनं तारण ठेवून आणलेले. रोख एक पैसाही देऊ नका.

चाचणीला आम्ही तिघंच, त्यामुळे बोट सुसाट गेली. काठाला आल्यावर त्याच्या पोऱ्यानं इंजिनचं झाकण उचललं. मी वाकून बघितलं. स्पार्क प्लग दोन, म्हणजे सिलिंडर दोन. दोनच! त्या बनावटीच्या टू-स्ट्रोकमध्ये चाळीसला दोन सिलिंडर असतात, साठला तीन. हे मला माहीत होतं. मित्राच्या साठच्या इंजिनाचे तीन प्लग मी माझ्या हातानं बदललेत. तरी झाकणावरचा साठचा आकडा मी खरा धरला. झाकण चकचकीत, आतलं इंजिन मिठानं खाल्लेलं, ब्रॅकेटवरच्या पट्टीचा नंबर घासलेला. "खाऱ्या पाण्यानं जातो," दलाल म्हणाला. शेजारी दुसरं गिऱ्हाईक नोटा मोजत उभं होतं. ते त्याचंच माणूस, हे आता कळतंय. त्या घाईत कुणीही गडबडला असता.

तापोळ्याच्या शिवसागर जलाशयात दहा माणसं बसवली तेव्हा बोटीचं नाक वर, मागचा भाग पाण्यात, वेग धरेना. मेकॅनिकनं झाकण काढलं आणि पाच मिनिटांत सांगितलं. टेप लावली तर लांबी साडेअठरा फूट. ती टेप त्या दिवशी माझ्या गाडीतच होती.

बोटीच्या नोंदणीचे आणि सर्व्हेचे, म्हणजे तपासणीचे, कागद मागितले होते. "पाण्यावर कसली आरटीओ?" म्हणाला. अंतर्देशीय जलयान कायदा 2021 सालचा आहे, दोन्ही कागद लागतात. ते नसतील तर तिथूनच परत फिरा.

पोलीस ठाण्यात गेलो. "दिवाणी मामला आहे." दुसऱ्यांदा गेलो, तर "व्यवहार जिथं झाला तिथं जा." तिथं गेलो, तर "तुम्ही राहता तिथं द्या." 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी कायद्यात हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवायचा आहे. हे मी छापून नेलं, साहेबांनी वाचलंसुद्धा नाही. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणे माल मिळालाय, ही ऑनलाइन फसवणूक नव्हे. चार हेलपाटे, आणि हातात साधी पोचही नाही! लेखी अर्जावर शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहक आयोग ऐकत नाही, असंही मला सांगितलं गेलं. ते चूक आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तक्रार चालते. माझी परवा दाखल झाली.

काल मेहुण्यानं दुसऱ्या नंबरवरून त्या दलालाला विचारलं. माझ्याच बोटीचे फोटो आले. एकवीस फुटी, साठ हॉर्सपॉवर, 4,25,000.