चार्टर शाळा, दोन वर्षांच्या वापरानंतर : शिकवणं चांगलं, रांग असह्य

फेब्रुवारी आला की नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी-मॉरिसव्हिलच्या मराठी आयांमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो : "लॉटरीत नंबर लागलाय, घेऊ का?" मी आतापर्यंत "भेटलो की सांगते" म्हणून टाळत आले. पण मागच्या आठवड्यात शाळेनं हरवलेल्या कारपूल टॅगचे दहा डॉलर मागितले. गाडीच्या आरशाला लटकवायचा पुठ्ठा, त्यावर आडनाव आणि नंबर, वरून लॅमिनेशन. दहा डॉलर! तेव्हा आता सविस्तर लेखीच सांगते. शाळेचं नाव घेणार नाही, कारण धाकट्याचा प्रवेश अजून व्हायचाय.

चार्टर म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. फी नाही, प्रवेश सोडतीनं, अभ्यासक्रम शाळेच्या मर्जीचा, परीक्षा मात्र सरकारी. माझी आई सांगलीकडे अनुदानित शाळेत शिक्षिका होती. तिला मी एवढंच सांगितलं, "पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा." ती म्हणाली, "मग आमच्यासारखंच की." बरंचसं तसंच आहे, फक्त इथे शाळा चालवायची सनद ठरावीक वर्षांनी नव्यानं मिळवावी लागते आणि निकाल किंवा हिशेब बिघडले तर शाळेला कुलूप लागू शकतं.

आम्ही का घेतली, तर नाइलाज म्हणून. आमच्या वस्तीला नेमून दिलेल्या सरकारी शाळेला, म्हणजे बेस स्कूलला, कॅप लागली होती, म्हणजे वर्ग भरले, नव्यानं आलेल्यांनी लांबच्या ओव्हरफ्लो शाळेत जायचं. त्यात इयर-राउंड कॅलेंडर, म्हणजे मोठी उन्हाळी सुट्टी नाही, वर्षभर तुकड्यातुकड्यांनी शाळा. थोरली तेव्हा तिसरीत जाणार होती. सोडतीत आधी वेटलिस्ट, मग जुलैच्या शेवटी फोन. ओव्हरफ्लोच्या शाळेला पिवळी बस होती, हे तेव्हा मनात फारसं आलं नाही. आता दुपारी अडीचनंतर रोज येतं.

तर रांग.

बस नाही. ज्यांनी कधी ही पोरांना न्यायला येणाऱ्या गाड्यांची रांग लावली नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. आमची शाळा एका जुन्या शॉपिंग प्लाझात आहे. जिथे पूर्वी फर्निचरचं दुकान होतं तिथे आता वर्ग आहेत. साडेसहाशे मुलं, म्हणजे भावंडं एका गाडीत धरली तरी चारशेच्या आसपास गाड्या, आणि त्या सगळ्यांनी एका पार्किंग लॉटमधून वेटोळं घालून बाहेर पडायचं. अडीचच्या आत लॉटमध्ये शिरायचं नाही, कारण शेजारचा टायरवाला तक्रार करतो. अडीचनंतर शिरलात तर शेपटी मुख्य रस्त्यावर जाते, म्हणून पोलीस हात दाखवतो. मध्ये गाडी सोडून उतरायचं नाही. मुलाचा बेल्ट लावायला उतरलात तर नारिंगी जाकीटवाल्या बाई वॉकीटॉकी हलवत येतात : "पुढे घ्या, पुढे घ्या, तिकडे थांबून लावा." एकदा पुढच्या गाडीची बॅटरी रांगेतच बसली. माझ्या डिकीतली जंपर केबल निघाली म्हणून, नाहीतर त्या दिवशी आम्ही संध्याकाळची आरतीही तिथेच केली असती.

पहिल्या वर्षी बहुतेक दिवशी पाऊण तास जायचा. ऑगस्टमधली इथली दुपार म्हणजे एसी बंद करायची सोय नाही. उभी गाडी एसीसकट तासाला पाव ते अर्धा गॅलन गॅस, म्हणजे पेट्रोल, पिते, हे अमेरिकन ऊर्जा खात्याचंच सांगणं आहे. तीन डॉलरचा भाव धरा, सकाळचं सोडणं मिळवा, वर्षाचे साधारण एकशेऐंशी दिवस धरा. दीडशे डॉलरच्या वर जातात, तेही चाक न फिरवता. येण्याजाण्याचे मैल वेगळे. नवरा म्हणतो, "एवढ्याशा पैशांसाठी कशाला डोकं तापवतेस?" त्यानं रांग लावलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात आई आली होती, तिला एकदा सोबत नेलं. तिनं स्वेटर विणता विणता सगळं पाहिलं आणि म्हणाली, "एवढी शिस्तीची शाळा सांगतेस, आणि पोरांना घरी सोडायला एक एसटी नाही? आमच्याकडे मुलींना पास फुकट असतो." मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी उत्तर शोधायला गेले.

शोधल्यावर कळलं ते असं. नॉर्थ कॅरोलिनात चार्टर शाळेवर बसची सक्ती नाही. पण वाहतुकीची योजना करणं सक्तीचं आहे. त्याच जिल्ह्यात राहणाऱ्या एकाही मुलाचा प्रवेश वाहतुकीवाचून अडू नये, असं कायद्यात आहे. ही योजना शाळेच्या मूळ अर्जात लिहिलेली असते, आणि तो अर्ज कुणालाही वाचता येतो. मी वाचला. चहाचे दोन कप गेले, पण सापडलं : ‘गरजेनुसार ठरावीक ठिकाणी सामायिक थांबे’. थांबे कुठले? एकही नाही.

दुसरी गोष्ट, शाळेच्या बोर्डाच्या सभा राज्याच्या खुल्या सभांच्या कायद्याखाली येतात. म्हणजे आपण जाऊन बसू शकतो, आणि आमच्या बोर्डात पालकांना तीन-तीन मिनिटं बोलायला देतात. गेले. माझ्या मनात संस्थाचालक म्हणजे कांजी केलेला सदरा आणि मागे हार घातलेले फोटो. इथे घड्या घालायच्या खुर्च्यांवर सात माणसं, सगळी बिनपगारी : एक घरांची एजंट, एक अकाउंटंट, दोघंतिघं पालकच. मी अर्जाचं पान वाचून दाखवलं. टाळ्या मागच्या रांगेतून पडल्या, म्हणजे दुखणं एकटीचं नव्हतं.

उत्तर अकाउंटंटबाईंनी दिलं, आणि इथून माझं मत थोडं हललं. दर मुलामागे राज्याचा आणि काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रोजच्या खर्चाचा पैसा चार्टरला मिळतो. पण इमारतीसाठी काउंटी सरकारी शाळांना देते तसा पैसा चार्टरच्या हाती आपोआप येत नाही. त्यामुळे प्लाझाचं भाडं त्याच मुलामागच्या पैशांतून जातं. इथला चार्टर कायदा १९९६चा, त्यात शंभर शाळांची मर्यादा होती. ती २०११ला उठली आणि आता शाळा दोनशेच्या वर आहेत. एवढ्या शाळांना जागा कुठून आणायची? म्हणून कुणी प्लाझात, कुणी जुन्या ऑफिसात, कुणी चर्चच्या मागे. बाईंनी हिशेबाचा कागद पडद्यावर लावला : चालकासकट एक बस म्हणजे जवळजवळ एका शिक्षकाचा पगार. "तुम्ही कुठला शिक्षक काढू म्हणता?" असं विचारल्यावर मी बसले.

हिशेब पटला, राग तसाच राहिला. पण महिन्याभरात इयत्तांप्रमाणे सुटायच्या वेळा वेगवेगळ्या झाल्या आणि रांग पंचवीस मिनिटांवर आली. एका पालकानं तीन मिनिटं बोलून एवढं हलतं, हे काउंटीच्या मोठ्या यंत्रणेत झालं नसतं. तिथे माझा कागद अजून कुठल्या तरी टेबलावर असता.

आता शिकवण्याबद्दल, कारण विचारणाऱ्या बहुतेकींना तेच हवं असतं. इथल्या चार्टरमध्ये निम्म्या शिक्षकांकडे परवाना असला तरी कायद्याला पुरतं. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. शिक्षिकेची मुलगी मी, घरात डी.एड., बी.एड.शिवाय बोलणं नाही. प्रत्यक्षात काय झालं? थोरलीचे सायन्सचे सर परवान्याविना, पूर्वी रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी वर्गात लाल कोबीच्या पाण्यानं आम्ल-अल्क ओळखायला लावलं. मग पोरीनं घरी येऊन माझ्या कोकमाच्या सारात, ताकात आणि चिंचेच्या कोळात कोबी ओतला. दोन वाट्या सार वाया गेलं, पण तेवढं मी सोडून दिलं. परवानाधारक होत्या त्या गणिताच्या बाई. छान शिकवायच्या आणि फेब्रुवारीत सोडून गेल्या, काउंटीच्या शाळेत, जास्त पगारावर. त्यानंतर बदली शिक्षक, मग दुसरे बदली शिक्षक, आणि मे महिन्यात राज्याची वर्षअखेरची ईओजी परीक्षा. अपूर्णांक मी ओट्याशी पोळ्या लाटता लाटता शिकवले. म्हणून प्रवेश घेताना "परवाना आहे का" याच्याइतकंच "मागच्या वर्षी मध्येच किती जण गेले" हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाला मुख्याध्यापिका किती वेळ घेतात ते बघा.

आणि तो ‘ए’ ग्रेडचा फलक. आपल्या लोकांचा त्यावर फार जीव. इथे शाळेची ग्रेड ठरताना ऐंशी टक्के वजन मुलांना किती येतं याला आणि फक्त वीस टक्के वजन वर्षभरात किती वाढ झाली याला. म्हणजे ज्या शाळेत घरी पाढे पाठ करून घेणारे आईबाप जास्त, तिला ‘ए’ जवळजवळ घरपोच. आमची शाळा ‘ए’, पण वाढीच्या रकान्यात नुसतं ‘अपेक्षेइतकी’. ज्या ओव्हरफ्लो शाळेला आम्ही नाकं मुरडली, ती ‘बी’, आणि तिची वाढ ‘अपेक्षेपेक्षा जास्त’. राज्याच्या रिपोर्ट कार्डवर दोन्ही आकडे शेजारी असतात. फलकावर एकच लावतात.

ज्यांच्या मुलाला जादा आधार लागतो त्यांनी अधिक चौकशी करावी. अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्राचा आयडीईए कायदा चार्टरलाही पूर्ण लागू आहे, "आमच्याकडे सोय नाही" असं म्हणून शाळा हात वर करू शकत नाही. पण आमच्या ओळखीच्या एका मुलाची वाचा-उपचाराची बाई बाहेरून, कंत्राटावर यायची, आणि ती बदलली की पुन्हा पहिल्यापासून. त्या घरानं शेवटी काउंटीची शाळा घेतली आणि तिथे ते सुखी आहेत.

डबा रोज. कॅन्टीन नाही, मायक्रोवेव्ह नाही. आपल्याला त्याचं काय? थर्मासमध्ये मुगाची खिचडी जाते.

पैशांचं मात्र बोलायला हवं. फी नाही हे खरं, पण ‘अ‍ॅन्युअल फंड’ नावाची गोष्ट आहे. ऑक्टोबरपासून ईमेल. दाराशी मोठा तापमापक काढलेला, त्यात लाल रंग वर चढतो. ज्या वर्गातले शंभर टक्के पालक देतील त्या वर्गाला पिझ्झा. म्हणजे वसुलीचं काम पोरांवर! थोरली गाडीत बसल्या बसल्या विचारायची, "आई, आपण दिले का? फक्त आपण आणि एक जण राहिलोय." पंचवीस डॉलर दिले. पिझ्झाची एक फोड आली, चीज गार. भाड्याचा हिशेब पाहिल्यावर फंडाबद्दल तितकं वाईट वाटत नाही, पण पोरांना मध्ये घालण्याबद्दल अजूनही वाटतं, आणि पुढच्या सभेत तीन मिनिटं त्यावर.

एवढं सगळं बोलूनही मी मुलीला काढलेलं नाही. एक कारण म्हणजे वर्ग लहान आहे आणि लाजाळू पोरगी दर शुक्रवारी सगळ्यांसमोर उभी राहून पाठ केलेलं म्हणून दाखवते, ते आता तिला आवडतं. दुसरं कारण ऐकून हसाल, पण माझ्यासाठी तेच मोठं : सुट्टी. राज्याच्या कायद्यानं नेहमीच्या सरकारी शाळा ऑगस्टच्या शेवटाआधी सुरू होत नाहीत आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. चार्टरला ते बंधन नाही. आमची शाळा ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात उघडते आणि मेमोरियल डेच्या आधी संपते. जूनच्या मध्याची तिकिटं आणि मे अखेरची तिकिटं यांच्यातला फरक चार माणसांना गुणून बघा. माझं रांगेतलं गॅस त्यात अनेक वर्षांचं निघतं. शिवाय सांगलीला पोहोचलो की हापूस अजून बाजारात असतो. आधीच्या शाळेत असताना मुलांनी भारतात जाऊन फक्त आमरसाची बरणी पाहिली होती.

तेव्हा पाचपैकी साडेतीन. मागच्या वर्षी दोन दिले असते. गणिताच्या नव्या बाई वर्ष संपेपर्यंत टिकल्या तर चार करीन. टॅगचे दहा डॉलर मी भरलेले नाहीत. जुन्या टॅगचा फोटो होता, तो छापून घरीच लॅमिनेट केला, आणि नारिंगी जाकीटवाल्या बाईंनी अजून काही म्हटलेलं नाही.

नंबर लागलेल्यांनी शाळेच्या ओपन हाउसला जाण्याआधी एखाद्या मंगळवारी दुपारी तीनला लांब उभं राहून ती रांग बघून यावी. आणि मॉरिसव्हिलच्या बाजूचं कुणी याच शाळेत येणार असेल तर मला सांगा. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी आणीन, मंगळवार-गुरुवार तुम्ही. बूस्टर सीट तुमची तुम्ही आणायची, गाडीत खाकरा चालेल, चिवडा चालणार नाही.