आजारी मुलासाठी व्हिडिओवरचे डॉक्टर: पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि आम्ही संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात राहतो. तिचे बालरोगतज्ज्ञ रत्नागिरीत असतात. एरवी दीड-पावणेदोन तासांत संपणारा हा रस्ता पावसाळ्यात किती वेळ घेईल याचा भरवसा नसतो, आणि तापाने फणफणलेल्या, मध्येच उलटी करणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन भाड्याच्या गाडीने जाणे हे तिच्यासाठी आजाराइतकेच त्रासाचे होते. म्हणून २०२५ च्या जूनपासून आम्ही व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय नियमाने वापरू लागलो. जाहिराती या सोयीला घरबसल्या उपचार म्हणतात. आमच्या अनुभवात तिचा खरा उपयोग त्याहून लहान, पण फार मोलाचा आहे: मुलीला आत्ताच्या आत्ता हलवायचे की सकाळपर्यंत थांबले तरी चालेल, हे जाणत्या माणसाकडून कळणे.

आम्ही तीन मार्ग वापरले. पहिला शासनाच्या ई-संजीवनी या दूरस्थ वैद्यकीय सल्ला सेवेचा. रुग्णाने घरूनच डॉक्टरांशी बोलण्याची तिची व्यवस्था टाळेबंदीच्या काळात, १३ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ती तयार केली असून ती पूर्णपणे मोफत आहे. मोबाइल क्रमांकावर नोंदणी करायची, टोकन घ्यायचे, रांगेत थांबायचे आणि बोलणे झाले की डॉक्टरांची चिठ्ठी फोनवरच मिळते. याच सेवेचे दुसरे रूप आरोग्य उपकेंद्रात चालते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतात आणि पलीकडच्या डॉक्टरांशी जोडून देतात. लहान मुलासाठी मला हे दुसरे रूप अधिक पटले, कारण पडद्यावर डॉक्टर असले तरी खोलीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो आणि मुलाच्या अंगाला हात लावून पाहणारा प्रशिक्षित माणूस असतो. दुसरा मार्ग एका खासगी अॅपचा, ज्याची आम्ही वर्षाची वर्गणी भरली. तिसरा मार्ग आमच्या रत्नागिरीच्या डॉक्टरांचाच. संध्याकाळची ओपीडी आटोपल्यावर ते जुन्या रुग्णांना व्हिडिओवर वेळ देतात आणि त्याची फी दवाखान्यातल्या फीएवढीच घेतात.

सर्वांत समाधानकारक अनुभव त्वचेच्या तक्रारींचा आला. श्रावणात मुलीच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडाच्या कडेने बारीक फोड उठले, तेव्हा दिवसाउजेडी काढलेले चार स्पष्ट फोटो पाहून डॉक्टरांनी हा हात-पाय-तोंडाचा विषाणुजन्य आजार असल्याचे सांगितले. त्यावर प्रतिजैविक लागत नाही, तोंडातल्या फोडांमुळे ती खाणार नाही म्हणून गार, पातळ पदार्थ द्यावेत आणि अंगणवाडीत काही दिवस पाठवू नये, एवढेच त्यांनी लिहून दिले. डासांच्या चाव्यांवर खाजवून झालेल्या पिकलेल्या फोडांचे, अंगावर उठलेल्या पित्ताचेही असेच झाले. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी २५ मार्च २०२० रोजी देशात जी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली, त्यांचाही रोख असाच दिसतो. पॅरासिटामॉल आणि ओआरएससारखी साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. कॅलामाइन लोशन, म्युपिरोसिनसारखी मलमे, डोळ्यांचे थेंब अशी औषधे पहिल्याच भेटीत लिहायची असतील तर ती भेट व्हिडिओवर व्हावी लागते. आणि काही औषधे केवळ आधी तपासलेल्या रुग्णाला, त्याच आजाराच्या फेरतपासणीत देता येतात. रुग्ण मूल असेल तर त्याच्यासोबत प्रौढ व्यक्ती असणे आणि तिची ओळख पटणे आवश्यक असते. अॅपवर हा ओळखीचा भाग एका चौकोनात टिचकी मारून संपतो, हे मला खटकले.

तापाच्या बाबतीत मात्र डॉक्टर कोण आहे यावर सगळे अवलंबून असते. चांगला डॉक्टर आधी वजन विचारतो. आमची मुलगी तेरा किलोची आहे, आणि पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असल्यामुळे तिला १३० ते १९५ मिलिग्रॅमच्या दरम्यान औषध लागते. आता एकाच कंपनीच्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांपैकी एकीत ५ मिलिलीटरमागे १२५ मिलिग्रॅम असते, तर दुसरीत २५०. ‘एक चमचा द्या’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ उरत नाही. आमचे डॉक्टर बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला लावतात, लेबल स्वतः वाचतात आणि मगच मिलिलीटर सांगतात. अॅपवरच्या काही डॉक्टरांनी वजन विचारले नाही, वय पाहून लिहून दिले. ज्यांनी वजन विचारले नाही त्यांच्याकडे आम्ही पुन्हा गेलो नाही, आणि माझ्या मते निवडीची याहून सोपी कसोटी नाही.

गणपतीनंतरच्या तापाचे उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले होते आणि मुलीला दोन दिवस ताप होता. अॅपवरच्या डॉक्टरांनी अगदी थोडक्या वेळात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांचे एकत्रित सिरप आणि सोबत एक प्रतिजैविक लिहिले. गावात कोणकोणते आजार चालू आहेत, हा प्रश्नच आला नाही. त्याच संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर ती चिठ्ठी पाहिली आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन अजिबात द्यायचे नाही, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, असे ठणकावून सांगितले. त्यांनी साधे पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये रक्ताची तपासणी सुचवली. ताप उतरला म्हणजे सुटलो असे समजू नका, डेंग्यूत खरी काळजी ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत घ्यायची असते, हेही त्यांनी बजावले. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल मलूल होणे यांपैकी काहीही दिसले तर मला फोन करत बसू नका, सरळ रुग्णालयात या, असे त्यांचे शब्द होते. तपासणीत डेंग्यू निघाला नाही. पण दोन्ही डॉक्टरांनी पाहिलेला पडदा सारखाच असताना दोघांनी विचारलेल्या प्रश्नांत केवढे अंतर होते, हे त्या दिवशी कळले.

श्वासाचे काय, हा पालकांचा मोठा प्रश्न असतो. स्टेथोस्कोप व्हिडिओतून जात नाही, परंतु श्वास मोजता येतो. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोटावरचे कपडे वर करून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा कितीही असो, मुलाला दाखवायलाच हवे. आमचे डॉक्टर फोनचा कॅमेरा पोटावर स्थिर धरायला सांगतात आणि पलीकडे स्वतःही मोजतात. माझ्या सासूबाईंना हे मोजणे माझ्याआधी नीट जमू लागले. नातीला झोपवण्याचे काम त्यांचे असल्याने शांत मूल त्यांच्याच वाट्याला येते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र आम्ही विसंबत नाही, कारण मोठ्यांसाठी बनवलेला चिमटा लहान बोटावर नीट बसत नाही आणि मूल हलले की आकडेही हलतात.

कानाच्या दुखण्यापुढे ही सोय अगदीच लंगडी पडते. मूल रात्री कान धरून रडते तेव्हा पडदा लाल झाला आहे की कानात नुसताच मळ आहे, हे आत पाहिल्याशिवाय कोणालाही कळत नाही, आणि मोबाइलच्या टॉर्चने ते दिसत नाही. प्रामाणिक डॉक्टर अशा वेळी वेदनाशामक सांगून ‘उद्या आणून दाखवा’ म्हणतात. हे शब्द ऐकून पैसे वाया गेले असे सुरुवातीला माझ्या यजमानांना वाटत असे. मला उलट त्या डॉक्टरांविषयी विश्वास वाटू लागला. घसा पाहणे त्या मानाने जमते, पण त्यासाठी मुलीने आ करून तीन-चार सेकंद तसेच राहावे लागते, आणि साडेतीन वर्षांचे मूल तसे राहिल्याचे निदान आमच्या घरात तरी कोणी पाहिलेले नाही.

खोकल्याच्या सिरपबद्दल थोडे स्वतंत्र लिहिलेले बरे, कारण व्हिडिओवर सर्वांत सहज लिहिले जाणारे औषध तेच आहे. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांच्या मृत्यूंचा संबंध विषारी रसायन मिसळलेल्या सिरपशी जोडला गेल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा सुचवू नयेत. त्यानंतर ई-संजीवनीवर आम्हाला भेटलेल्या डॉक्टरांनी नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी आणि वाट पाहणे एवढेच सांगितले. अॅपवर सिरप त्यानंतरही लिहून मिळत होते, आणि ते घरपोच पाठवण्याचे बटण चिठ्ठीच्या खालीच असते, ही मांडणी मला संशयास्पद वाटते.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. वादळी पावसात वीज गेली की काही वेळाने टॉवरही बसतो. त्यामुळे चित्र तुटू लागल्यास साध्या फोनवर बोलू, असे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवावे. जुलाब-उलट्यांत मुलाने शेवटची लघवी केव्हा केली, किती वेळा शी झाली, ओआरएस पोटात टिकते का, हे कागदावर लिहून मगच फोन लावावा, कारण बोलण्याच्या घाईत वेळा हमखास चुकतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना हे पाहावे. आमच्या बाजारातील मेडिकलवाले तो नसेल तर औषध द्यायला का-कू करतात, आणि ते योग्यच आहे. सल्ला संपल्यावर चिठ्ठीची छापील प्रत मुलीच्या फाइलमध्ये लावली, तर पुढच्या प्रत्यक्ष भेटीत डॉक्टरांना सगळा इतिहास एकत्र दिसतो.

काही वेळा मात्र फोन हातात घेण्यातही वेळ दवडू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप, झटका, धाप, न थांबणाऱ्या उलट्या, मूल उठवूनही नीट न उठणे अशा प्रसंगी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या गाडीने निघावे. मार्गदर्शक तत्त्वांनुसारही तातडीच्या प्रसंगी दूरस्थ डॉक्टरांचे काम प्रथमोपचार सांगणे आणि रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवणे एवढेच आहे.

खर्चाचा हिशेब पाहता गाडीभाडे, बुडालेला रोज आणि बाहेरचे खाणे धरून रत्नागिरीची एक फेरी व्हिडिओच्या फीच्या कितीतरी पट पडते, त्यामुळे सोय परवडते यात वाद नाही. तरीही अॅपची वर्गणी जूनमध्ये संपेल तेव्हा आम्ही ती पुन्हा भरणार नाही. तिथे प्रत्येक वेळी नवा डॉक्टर येतो आणि मुलीला लहानपणी एकदा छाती भरून रुग्णालयात ठेवावे लागले होते, ही हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. घाईत ती अर्धीच सांगितली जाते. पुढे फेरतपासणी आणि त्वचेच्या तक्रारींसाठी आमच्या डॉक्टरांची संध्याकाळची वेळ, आणि दिवसा अडले तर उपकेंद्र, असे आम्ही ठरवले आहे. उपकेंद्रातल्या ताईंनी मुलीच्या वजनाची नोंद दर महिन्याला करून द्यायचे कबूल केले आहे, म्हणजे डोस विचारताना अंदाजाने आकडा सांगावा लागणार नाही.