खोताची वाडी की भेंडी बाजार: जुन्या वस्तीच्या नूतनीकरणाच्या दोन वाटा

दक्षिण मुंबईतील जुन्या वस्त्यांचे करायचे काय, या प्रश्नाला दोन वस्त्यांनी दोन निराळी उत्तरे दिली आहेत. भेंडी बाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने सुमारे १६.५ एकरांवरील जवळपास २५० इमारती समूह पुनर्विकासासाठी, म्हणजे जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी एकत्रितपणे उंच इमारती बांधण्यासाठी, घेतल्या. टेकू लावलेल्या चाळींत जीव मुठीत धरून राहणाऱ्या सुमारे ३,२०० कुटुंबांना त्याच परिसरात मालकीचे घर मिळावे, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. सामायिक शौचालयासमोर रांग लावणाऱ्याला जुन्या लाकडी कठड्याचे सौंदर्य सांगणे मला क्रूर वाटते.

गिरगावातील खोताच्या वाडीची वाट याहून वेगळी आहे. येथे प्रामुख्याने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातील मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, कुटुंबांची, स्वतंत्र मालकीची, एक-दोन मजली घरे असून, जो तो आपल्या घराची डागडुजी स्वतः करत आला आहे. बाहेरून वर चढणारा लाकडी जिना, बोळाकडे उघडणारा व्हरांडा आणि तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी होणाऱ्या गप्पा, हे सारे एकाच रचनेचे भाग आहेत. विसाव्या मजल्यावर ते नेता येत नाहीत.

तरीही ही वाट महाग आहे. जुन्या लाकडाची दुरुस्ती, कसबी सुतारांची टंचाई आणि वारसांतील वाटण्या यांचा भार एकेका कुटुंबावर पडतो, आणि एकाने घर विकले की शेजारच्या व्हरांड्यासमोर भिंत उभी राहते. म्हणून जिथे इमारती मोडकळीस आल्या आहेत तिथे मी समूह पुनर्विकास स्वीकारेन. मात्र खोताच्या वाडीसारख्या, अजून धडधाकट असलेल्या वस्तीत दुरुस्तीसाठी सार्वजनिक निधी आणि निर्णयाचा पहिला अधिकार रहिवाशांकडेच असायला हवा.